कुंकू न टिकणारी गाडी

बॉनेटवर कुंकू टिकेना.

दसऱ्याची सकाळ होती. आमच्या सोसायटीच्या आवारात गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि प्रत्येकीपुढे कोणी ना कोणी तबक घेऊन उभे होते. माझ्या पत्नीने, इंदूने, बोट ओले करून कुंकवात बुडवले आणि मुलीच्या काळ्या गाडीवर स्वस्तिकाची पहिली रेघ ओढली. रेघ उमटली, क्षणभर थरथरली, मग तिचे बारीक लाल थेंब झाले आणि ते घरंगळत फरशीवर गेले. इंदूने कोरडे कुंकू चिमटीने टाकून पाहिले. तेही वाळूसारखे घसरले. बॉनेट पुन्हा काळेभोर.

"अगोबाई," इंदू म्हणाली. "ही तर घेतच नाही."

"नाही घेणार, मामी!" संग्राम हसला. संग्राम आमचा जावई; तो आणि आमची मुलगी आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. "हेच तर कौतुक आहे तिचं. चिखल नाही, धूळ नाही, कावळ्याचा प्रसाद नाही. 'अस्पर्श' कोटिंग लावलंय. अस्पर्श म्हणजे अस्पर्श."

"अरे, पण पूजेचं तरी घ्यावं की तिने!"

"तिला काय कळतंय पूजेचं आणि कावळ्याचं? तिला सगळे सारखेच."

आजूबाजूचे हसले. शेवटी ऋजुताने, माझ्या मुलीने, कुंकवाचे बोट नंबरप्लेटच्या स्क्रूला लावून वेळ निभावली. गाडीच्या टपावर दोन्ही बाजूंना सामान बांधायचे दांडे असतात. त्यांना झेंडूचे हार बांधले, चाकाखाली लिंबू ठेवले, नारळ फुटला. मीही पेढा खाल्ला. पण ते न टिकलेले कुंकू मनातून जाईना. मी शकुन-अपशकुन मानत नाही. निदान तसे लोकांना सांगत आलो आहे.

मी कराडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. ग्रंथपालाला सगळ्यातले थोडे ठाऊक असते आणि त्यातले काहीच करता येत नाही. त्यामुळे मला जेव्हा काही खटकते, तेव्हा ते ज्ञान आहे की नुसती भीती, हे ठरवण्यातच माझा बराच वेळ जातो.

संग्रामचा गावात कोटिंगचा स्टुडिओ आहे. साधे सिरॅमिक कोटिंग पूर्वीपासून होते. सिलिकाचे, म्हणजे ज्यापासून काच होते त्या पदार्थाचे, द्रावण गाडीच्या रंगावर पुसून घ्यायचे. ते वाळले की केसाहून पुष्कळ पातळ असा कडक थर तयार होतो. पाणी त्यावरून मण्यांसारखे ओघळते, उन्हाने रंग विटत नाही, धूळ नुसत्या फडक्याने निघते. संग्राम प्रामाणिक दुकानदार. तो गिऱ्हाइकाला तोटेही आधीच सांगे. "दगड उडाला तर टवका जाणार. बोअरचं पाणी वाळलं तर पांढरे डाग पडणार. आणि आतला ओरखडा आधी पॉलिश करून काढला नाही, तर तोसुद्धा काचेखाली जन्मभर जपला जाणार. हे चिलखत नाही साहेब, चांगला रेनकोट आहे."

मग 'अस्पर्श' आले आणि हे सगळे तोटे गेले. या कोटिंगमध्ये काचेच्या थरावर रेणूंचे लवचीक धागे उभे असतात, गालिच्याच्या लोकरीसारखे; पण ते सतत इकडेतिकडे हलतात, जवळजवळ द्रवासारखे. त्यांच्यावर कशालाच पाय रोवता येत नाही. ओरखडा पडला, तर उन्हाच्या उबेने थर आपोआप सरकून तो भरून काढतो. गाडी धुवावी लागतच नाही. ज्या उन्हाळ्यात गावाला दिवसाआड पाणी येत होते, त्या उन्हाळ्यात सोसायटीने गाड्या धुण्यावर बंदी घातली आणि सगळ्यांनी संग्रामकडे रांग लावली. दवाखान्याच्या रुग्णवाहिका झाल्या, शाळेच्या व्हॅन झाल्या. वाचलेल्या पाण्याबद्दल संग्रामचा सत्कार झाला तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो. हे सगळे खरेच चांगले होते, म्हणून सांगतो.

दसऱ्यानंतर हार सुकले. इंदूने ते उतरवून निर्माल्याच्या पिशवीत भरले. पिशवी कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर न्यायची म्हणून जिन्याखाली ठेवली. त्याच दुपारी मी खाली बाकावर वाचत बसलो असताना कासव आले.

कासव म्हणजे किराणा आणि औषधे पोचवणारी चार चाकांची बुटकी पेटी. तिला कोणी चालवत नाही. तिच्या कपाळावर लेझरचा डोळा असतो, त्याने ती वाट पाहते. दसऱ्याच्या दिवशीही ती आली होती आणि ऋजुताच्या गाडीला अगदी शहाण्यासारखा वळसा घालून गेली होती. आज ती सरळ आली आणि गाडीच्या दारावर आपटली. मागे गेली. पुन्हा आपटली.

"वाट मोकळी आहे," कासव गोड आवाजात म्हणाले, आणि तिसऱ्यांदा आपटले.

पुस्तक माझ्या हातातून पडले. मी उठून गाडीचे दार उघडले, खांद्यावरचा पंचा काचेच्या फटीत अडकवला आणि दार लावून घेतले. दारावर पंचा लोंबू लागला. कासव पुढे आले आणि हातभर अंतरावर थबकले.

"पुढे अडथळा आहे."

पंचा काढला.

"वाट मोकळी आहे."

धप्प.

मी पुन्हा पंचा लावला. पुन्हा काढला. वरच्या गॅलरीतून जोशीकाकू ओरडल्या, "अहो मुतालिक, लहान मुलागत त्या कासवाशी काय खेळताय? माझं दूध आहे त्यात!" मला इतकी लाज वाटली की पंचा घेऊन मी घरात निघून आलो. पण विचार थांबेना.

अंधाऱ्या खोलीत आरशावर बॅटरी तिरकी मारली, तर आरसा दिसत नाही. समोरची भिंत उजळते. सगळा प्रकाश आरसा दुसरीकडे पाठवून देतो, आपल्याकडे काहीच परत येत नाही. आरशावर धूळ असेल, तर मात्र आरसा दिसतो, कारण धुळीचा कण प्रकाश चारी दिशांना उधळतो आणि त्यातला थोडा आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो. लेझरचा डोळा असाच पाहतो: किरण सोडतो आणि परत येणाऱ्या उजेडाची वाट बघतो. साधी गाडी त्याला दिसते, कारण तिच्यावर धूळ असते, डाग असतात, बारीक ओरखडे असतात. अस्पर्श लावलेल्या काळ्या गाडीवर यातले काहीच नाही. थोडा प्रकाश काळा रंग गिळतो, उरलेला ती गुळगुळीत काच डोंगराकडे नाहीतर आभाळाकडे फेकून देते. डोळा वाट बघतो. काही येत नाही. मग तो म्हणतो, वाट मोकळी आहे.

आणि ऋजुता आठवड्यातून दोनदा कुंभार्ली घाट उतरते. ती फिजिओथेरपिस्ट आहे, चिपळूणला तिचे रुग्ण असतात. त्या घाटात आता बंदरावरचे बिनड्रायव्हरचे ट्रक चालतात. हॉर्न वाजवत नाहीत म्हणून लोक त्यांना मुके म्हणतात.

संध्याकाळी संग्राम चहाला आला, तेव्हा मी त्याला हे सांगितले. सांगितले म्हणजे चाचरत, अर्धे शेवटचे आधी आणि अर्धे आधीचे शेवटी असे. त्याने मात्र नीट ऐकून घेतले.

"मामा, तुम्ही म्हणताय ते कासवाच्या बाबतीत खरं आहे," तो म्हणाला. "कंपनीकडनंच आलंय आमच्या कानावर. पण कासवाचा डोळा म्हणजे जत्रेतली दुर्बीण. मुक्यांकडे कॅमेरे आहेत, रडार आहे, धुक्यातून बघणारं लेझर आहे."

"धुक्यात कॅमेऱ्याचा काय उपयोग?"

"रडार आहे ना."

"रडारला घाटात कातळाचा, कठड्याचा, सगळ्यांचाच प्रतिध्वनी येतो. म्हणून जागच्या जागी उभ्या असलेल्या वस्तूकडे ते फारसं लक्ष देत नाही, असं मी कुठेतरी वाचलंय."

"कुठे?"

मला आठवेना. खरोखरच आठवेना. ते नियतकालिक की पुस्तक, डावीकडचे पान की उजवीकडचे, काहीच नाही.

"हे बघा, नंबरप्लेट चमकते," संग्राम समजुतीने म्हणाला. "मागच्या दिव्याच्या काचा चमकतात. मागून येणाऱ्याला गाडी दिसतेच. समोरून येणाऱ्याला दिसते."

"आणि गाडी आडवी असली तर?"

"भर घाटात रस्त्यावर गाडी आडवी कोण लावतंय, मामा?" तो हसला. मग जरा चिडला. "मी रोज ह्याच कोटिंगच्या गाड्या लोकांच्या हातात देतो. माझी बायको त्यातून फिरते. मला काळजी नाही का? तुम्ही जन्मभर पुस्तकांना कव्हरं घातली, तेव्हा कुणी तुम्हाला विचारलं नाही. मी गाड्यांना घालतो, तर एवढं काय बिघडलं?"

तो जिना चढून गेल्यावर मला उत्तर सुचले: कव्हर घातले की पुस्तकाचे नाव दिसेनासे होते, म्हणून ते वरून पुन्हा लिहावे लागते. मला उत्तरे नेहमी अशी जिना चढून गेल्यावर सुचतात.

अस्पर्श तयार करणाऱ्या कंपनीला मी फोन लावला. एका मुलीने शांतपणे सांगितले की अशी एकही तक्रार आलेली नाही. मी तिला विचारणार होतो की जो धडकला त्याला गाडी दिसलीच नसेल, तर तक्रार कोण करणार. पण तिने "आणखी काही मदत करू शकते का, सर?" असे विचारले आणि मी "नाही, नाही, आभारी आहे" म्हणून बसलो.

ऋजुताचा चिपळूणचा दिवस उजाडला. खिडकीतून पाहिले तर आगाशिवाचा डोंगर धुक्यात बुडाला होता. इथे एवढे, तर घाटात किती असेल!

माझ्या घरात लाकडी कपाट घासून उरलेला पॉलिश पेपर होता. तो घेऊन मी खाली गेलो आणि मुलीच्या नव्हे, जणू शत्रूच्याच गाडीवर तुटून पडलो. उजव्या बाजूची दोन्ही दारे घासली. आयुष्यात मी कुणाच्या वस्तूला ओरखडा पाडलेला नाही; पुस्तकाचे पान दुमडले तरी मला रात्री आठवते. पण घासत गेलो. काळ्या काचेवर पांढुरके धुरकट पट्टे उमटले. मला वाटले, झाले. आता प्रकाश उधळेल. आता ती दिसेल.

तेवढ्यात धुके विरले आणि समोरच्या इमारतीच्या बाजूने ऊन आले. दारावर पडले. आणि माझ्या डोळ्यांदेखत ते पट्टे कडांकडून मिटू लागले, पाण्यावर ओढलेली रेघ मिटते तसे. हाताने धरून ठेवण्यासारखे काहीच नव्हते. थोड्याच वेळात दारात मला माझाच चेहरा दिसू लागला, केस विस्कटलेला, हातात कागद.

मग मला जिन्याखालची पिशवी आठवली.

हार सुकले होते, पण तुटले नव्हते. मी घरातून बायंडिंगचा मेण लावलेला दोरा आणला. हार टपावरच्या दांड्यांना बांधत गेलो, दोन्ही बाजूंना झोळीसारखे सोडून. वाळक्या पाकळ्या सुट्या होऊन गाडीवर पडत होत्या आणि लगेच घसरत होत्या, पण दोऱ्यात ओवलेली फुले दोऱ्यालाच धरून होती. गाडीला काही चिकटत नसले, तरी गाडीवर टांगता येते, एवढेच मला सुचले होते. गाठी मी पुस्तक शिवताना मारतो तशा मारल्या. ती गाठ ओढली की आणखी आवळते.

"नाना, हे काय?" ऋजुता बॅग घेऊन खाली आली होती.

"असू दे."

"असू दे काय? निर्माल्य आहे ते! लोक म्हणतील, लग्नाची गाडी महिनाभर वाट चुकली होती."

मागोमाग संग्राम आला. त्याने हारांकडे पाहिले, माझ्या हातातल्या दोऱ्याकडे पाहिले आणि त्याचा चेहरा लाल झाला. "मामा, ही गाडी म्हणजे माझ्या कामाचा नमुना आहे. चिपळूणचे लोक हिच्याकडे बघून स्टुडिओत येतात. तिच्यावर वाळके हार?"

मला सगळे पुन्हा नीट सांगायचे होते. आरसा, बॅटरी, धूळ. पण तोंडातून एवढेच आले, "बाळ, माझं चुकत असेल. बहुतेक चुकतच असेल. आजच्या दिवस राहू दे."

ऋजुताने बॅग गाडीत ठेवली. मग नवऱ्याला म्हणाली, "राहू दे रे. पुढे जाऊन बघते मी." त्या 'बघते'चा अर्थ मला समजला. ती गेली. संग्राम माझ्याशी न बोलता स्टुडिओत गेला.

पाटणला तिने चहासाठी गाडी थांबवली, तेव्हा तिचा फोन आला. मागे कपबशांचा आवाज होता.

"नाना, रागावू नका. हार काढले मी. टपरीवरचे सगळे हसत होते. एकाने तर विचारलं, नवरदेव कुठे उतरला?"

"सगळे काढले?"

"एक नाही निघाला. उजवीकडचा, मागचा. काय गाठ मारली आहे हो तुम्ही! नखं तुटली माझी. कात्री नाहीये. लोंबतोय तसाच."

"लोंबू दे," मी म्हणालो. "बाळ, त्याला हात लावू नको."

"ठेवते. घाटात रेंज धड नसते."

त्यानंतर मी बाकावर बसलो. पुस्तक उघडे होते, पण एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो. इंदू दोनदा जेवायला बोलावून गेली. मी स्वतःला समजावत होतो की संग्राम या धंद्यात मुरलेला आहे आणि मी एक रिकामटेकडा म्हातारा आहे, ज्याला साधा संदर्भसुद्धा आठवत नाही. कासव आले, जोशीकाकूंचे दूध देऊन गेले. जाताना मोकळ्या आवाराकडे बघून म्हणाले, "वाट मोकळी आहे." मला ते सहन झाले नाही.

फोन थरथरला. ऋजुताकडून एक चित्र आले होते. सोबत एक शब्दही नाही.

मी चष्मा पुसून पाहिले. राखाडी ठिपक्यांनी काढावे तसे ते चित्र होते. घाटाचा रस्ता. डावीकडे कातळ, उजवीकडे कठडा, वळण. रस्ता पूर्ण रिकामा. आणि त्या रिकाम्या रस्त्याच्या मधोमध, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, झेंडूचा एक हार हवेत लोंबत होता. कशालाही न बांधलेला. फूल न् फूल मोजता येईल असा.

गाडी नव्हती.

माझी मुलगी नव्हती.

मी उठलो की नाही, हाक मारली की नाही, मला आठवत नाही. इंदू धावत बाहेर आली, एवढे आठवते. तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याच वेळी तो वाजला. तिने स्पीकर लावला.

"नाना?" ऋजुताचा आवाज होता. पातळ, लहानपणी ताप आल्यावर व्हायचा तसा. "नाना, मी आहे. मी ठीक आहे. चित्र बघितलं का?"

"कुठे आहेस? गाडी कुठे आहे?"

"गाडीतच आहे मी. खाली दरड आली म्हणून मेसेज आला, म्हणून परत फिरवत होते. वळणावर जागा होती तिथे. गाडी आडवी झाली आणि वरून मुका आला. नाना, तो हळू झालाच नाही. धुक्यात त्याचे दिवे वाढत होते नुसते. मी हॉर्न वाजवतेय, वाजवतेय..." ती थांबली. तिचा श्वास ऐकू येत होता. "मग एकदम ब्रेक लागला. माझ्या दारापाशी आहे तो आत्ता. दार उघडत नाही, इतका जवळ. अचानक ब्रेक लावला की त्यांना दिसलेलं चित्र समोरच्याला पाठवावंच लागतं, कायदा आहे. हे ते चित्र. त्याला मी दिसलेच नव्हते. त्याला फक्त हार दिसला."

इंदूने फोन दोन्ही हातांनी धरला.

"तो काय म्हणाला माहितीये?" ऋजुता हसायला गेली आणि रडू लागली. "पुढे फुले आहेत, म्हणाला."

ट्रकच्या कंपनीच्या लोकांनी येऊन मुक्याला मागे घेतले. ऋजुताला त्यांच्याच माणसाने गाडी चालवत घरी आणले. गाडी आवारात शिरली तेव्हा तिच्यावर घाटातल्या चिखलाचा एक थेंब नव्हता. उजवीकडे तेवढा तो हार होता, अर्धी फुले गळलेला.

संग्राम स्टुडिओतून धावतच आला होता. त्याने आधी ऋजुताला धरले, बराच वेळ धरून ठेवले. मग तिचा फोन घेऊन ते चित्र पाहिले. बोटांनी मोठे करून पाहिले. जणू ठिपक्यांच्या मागे कुठेतरी आपली गाडी सापडेल. मला वाटले, तो आता काहीतरी बोलेल. त्याने काही बोलू नये, असे मला वाटत होते. मी बरोबर ठरलो याचा मला जराही आनंद नव्हता. मी चुकलो असतो, तर फार बरे झाले असते.

तो पायरीवर बसला आणि त्याने स्टुडिओतल्या गिऱ्हाइकांना एकेक फोन लावायला सुरुवात केली. "साहेब, आहात तिथंच गाडी बाजूला घ्या. आडवी लावू नका. गाडीवर चादर टाका, पोतं टाका, काहीही टाका. होय, मीच सांगतोय. होय, मीच लावलं होतं." दर फोननंतर तो तळहाताने तोंड पुसत होता.

इंदूने बाजारातून झेंडू मागवला. आम्ही पायरीवर ओवायला बसलो. जोशीकाकूही सुई घेऊन खाली आल्या आणि ओवू लागल्या. आवारातल्या गाड्या ओळीने चकाकत उभ्या होत्या. त्यांच्यात आम्ही सगळे स्पष्ट दिसत होतो.

संग्राम फोन कानाला तसाच धरून माझ्याजवळ सरकला. पलीकडे नुसती रिंग वाजत होती.

"कोण आहे?" मी विचारले.

"रुग्णवाहिका. पेशंटला घेऊन चिपळूणकडं गेली आहे." त्याने डाव्या हाताने दोरा उचलला आणि माझ्यापुढे धरला. "मामा, ती गाठ कशी मारायची, दाखवा मला."

मी त्याची बोटे हातात घेतली. दोऱ्याला पहिला वेढा दिला. रिंग वाजतच होती.